चौफुलीच्या कोपऱ्यातलं खळं

चौथ्या खड्ड्यातूनही जळक्या तेलाचा वास आला आणि पद्माचं डोकं उठलं.

१९८१ चा मे महिना. सेलूजवळच्या फाट्यावर मोठी चौफुली व्हायची होती. त्याआधी माती तपासायला नागपूरच्या प्रयोगशाळेने पद्माला पाठवलं होतं. सिंदीच्या शेतकऱ्याची लेक, तिला उन्हाचं काही वाटत नव्हतं. दत्तोपंतांची घाई मात्र सोसवत नव्हती. हे बांधकाम खात्याचे इंजिनिअर निर्णय खिशात घालूनच फिरत.

"मॅडम, तेल किती खोल गेलंय, सांगा. नाही ना सांगता येत? खाली जुने पिंप पुरलेले असले तर रस्ता खचेल. चौफुली पलीकडे सरकवू. संध्याकाळी नकाशावर सही करतो."

पलीकडे विमलाबाईंची विहीर होती. नकाशा सरकला की ती बुजणार. भर मेमध्ये पाणी देणारी आसपास ती एकच. विमलाबाई सकाळपासून तिच्या काठावर बसून होत्या.

पद्मा चरफडत पुन्हा खड्ड्यात उतरली. खड्ड्याच्या भिंतीत तेलकट, बोटभर रुंद, उभे पट्टे होते. मधली माती स्वच्छ. चार फुटांखाली पट्टे संपत होते. वरची जमीन शेणाने सारवलेली, गुळगुळीत. शेजारच्या शेतात मात्र बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सगळं डोळ्यांपुढे होतं आणि काही जुळत नव्हतं. स्वतःचाच राग आला तिला.

हा कोपरा भैयाजीचा. त्याचं चहाचं हॉटेलही इथंच. ट्रकवाले थांबत, इंजिनाचं तेल बदलत.

"भैयाजी, हे तेल कधीचं?"

"लय जुनं हाय बाई. दहा-बारा वर्साआंधी रोड झाला, तवा रोलरवाल्याईनं पिपे गाडले इथं."

"ट्रकांचं जळकं तेल कुठं जातं?"

"लोक नेतेत न, बंडीच्या चाकाले."

"जमीन कोणी सारवली?"

"मीच. खळं केलतं. गव्हाची मळणी झाली यंदा."

"बैल लावून?"

"मंग काय हातानं करू?"

पद्मा खळ्यावर फिरली. मधोमध उकिडवी बसली, टाचेने जमीन ठोकून पाहिली. मग तिने दत्तोपंतांना आणि विमलाबाईंना हाक मारली.

"खळ्याच्या मधोमध खांब रोवतात, त्याभोवती बैल फिरतात. इथं खांबाचा खड्डा दाखवा. खुराची एक खूण दाखवा, गव्हाची एक काडी दाखवा. या खळ्यावर मळणी झालीच नाही. ते भेगा झाकायला केलंय."

"कसल्या भेगा?" दत्तोपंत वैतागले.

"काळी जमीन दर उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात मिटते. वरची माती भेगांत पडते, खालची वर येते. तेल दहा वर्षांपूर्वीचं असतं तर सगळीकडे कालवलं गेलं असतं. हे पट्टे अजून सरळ उभे आहेत. म्हणजे याच उन्हाळ्यात, तुमच्या आखणीच्या खुंट्या लागल्यावर, उघड्या भेगांत कोणीतरी तेल ओतलंय. एवढं जळकं तेल या फाट्यावर एकाच माणसाच्या दारात साठतं, आणि खळं आपण केलं हे त्याने स्वतःच सांगितलं."

"पण तेल खोल किती गेलंय?"

"भेग जाते तेवढीच, चार फूट. तेवढी काळी माती काढून तुम्ही नाहीतरी मुरूमच भरता."

दत्तोपंतांनी सही न करताच पेन खिशात ठेवलं. नकाशाची घडी घालत म्हणाले, "चौफुली इथंच होईल."

भैयाजीने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"हॉटेल गेलं असतं, बाई. मी जाऊ कुठं? वाटलं, माती खराब निंघाली का रोड सरकते."

गुन्हेगार सापडला की राग उतरेल, असं पद्माला वाटलं होतं. तो उतरला नाही. एरवी रस्त्याची निघालेली काळी माती शेतकरी बंड्या भरभरून नेतात. ही आता कोणी फुकटही नेणार नव्हतं.

विमलाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

"भैयाजी, तू रोज चहा करून राह्यला, ते पानी कोनाच्या विहिरीचं?"

त्यांनी आपल्या शेताच्या बांधाकडे बोट केलं.

"मले इचारलं असतं, तं धुऱ्यावर हॉटेलापुरती जागा देल्ली असती तुले. तू तं विहीरच बुजवाले निंघाला."

विमलाबाई पदर खोचून पाणी ओढायला गेल्या.