बोटभर लांबलेला आवाज

त्या दिवशी वारा साफ पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं, दोरीवरचे कपडे चिकटवल्यासारखे लोंबत होते. लोक घामानं वैतागले होते, पण टेपवाला खुश होता. आवाजाचं काम करणाऱ्याला वारा म्हणजे डोळ्यातलं कुसळ.

टेपवाला कोण ते सांगतो, जरा जवळ सरका. माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस. तरुणपणी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा म्हणून हे नाव पडलं. पुढे कॉम्प्युटर आला तरी नाव तेच राहिलं. वरच्या मजल्यावर त्याची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही.

तर त्या दिवशी दुपारी थोरला आला. थोरला म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेले दोघं. थोरल्याचे वडील नुकतेच गेले होते. त्यांना टेपवालाही बाबाच म्हणायचा.

"हे बघ," थोरल्यानं एक फाईल कॉम्प्युटरवर चढवून दिली. "शेवटी शेवटी बाबा माझ्या फोनवर बोललेत. उद्या चार नातेवाईक येतील, त्यांना ऐकवायचंय. खोकला तेवढा काढ. ऐकवत नाही रे."

टेपवाल्यानं ऐकलं. खोकल्यातून बाबा बोलत होते. घर थोरल्यानं सांभाळावं. पण खालची खोली धाकटीची. तिला तिथून कुणी उठवायचं नाही.

धाकटी म्हणजे थोरल्याची बहीण. बाबांच्या आजारपणात घरी परत आलेली. खालच्या खोलीत मशीन टाकून कपडे शिवायची आणि बाबांचं सगळं करायची.

"ते शेवटचं खोलीचंही काढ," थोरला म्हणाला.

"ते का?"

"अरे, तिचं-माझं आधीच ठरलंय. खोली तिचीच. सगळ्यांसमोर हे लागलं की ती रडून गोंधळ घालेल. कशाला बिचारीला?"

टेपवाल्याला ते पटलं. दोस्तच तो.

आता यातलं मला काही कळत नाही, त्यानं समजावलं तसं सांगतो. त्याच्याकडे दोन प्रोग्राम. एकात सगळे आवाज पट्ट्यांसारखे ओळीनं मांडायचे. एखादी पट्टी खराब असली की ती दुसऱ्या, बाहेरच्या प्रोग्रामकडे पाठवायची. तिथे साफसूफ करून सेव्ह केली, की ती आपोआप आपल्या जागी येऊन बसते. शिंप्याकडे सदरा दुरुस्तीला द्यावा ना, तसं. फक्त पाठवताना मशीन विचारतं, नक्कल पाठवू की मूळच पाठवू? मूळ पाठवलं की कापलं ते गेलं. टेपवाल्यानं जन्मात कधी मूळ पाठवलं नव्हतं.

"मूळच पाठव," थोरला मागे उभा राहून म्हणाला. "तो खोकला कुठेच राहायला नको. मी फोनमधूनही काढून टाकलाय."

टेपवाल्यानं मूळ पाठवलं. खोकला काढला. शेवट कापला. सेव्ह केलं. थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तू आहेस म्हणून," म्हणाला, आणि साफ केलेला आवाज घेऊन गेला.

दिवेलागणीला धाकटीचा फोन आला.

"दादा, बाबांचा आवाज तुम्ही साफ केलात ना?"

"हो गं."

"थोरला म्हणतो, उद्या सगळे ऐकतील, मग परवा खोली रिकामी कर. बाबांनी घर त्यालाच दिलंय म्हणे. मला एवढंच सांगा. बाबांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही का हो?"

"बघतो," टेपवाला म्हणाला आणि फोन ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते त्याला तेव्हा कळलं. आणि केस कुणाच्या हातात होता? त्याच्याच.

थोरल्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला तर फोन बंद.

शनिवारची रात्र. चंद्र नव्हता, आणि वारा अजून पडलेलाच. टेपवाल्यानं दार लावलं, स्पीकर बंद केले, कानाला हेडफोन चढवले. मूळ कुठे शिल्लक असेल म्हणून सगळं धुंडाळलं. नव्हतं. मग उगाच आशेनं ती पट्टी बाहेरच्या प्रोग्रामकडे पाठवली. तिथे ती कापलेलीच. कशाला हात न लावता त्यानं ते बंद केलं. पट्टी आपल्या जागी परत आली.

बोटभर लांब होऊन.

डोळे चोळले. थकलो असेन, म्हणाला. पुन्हा पाठवली. बाहेर ती आखूड. परत आली, आणखी बोटभर लांब. तो वाढलेला तुकडा त्यानं लावून ऐकला.

श्वास.

म्हाताऱ्या माणसाचा, घरघरता.

हेडफोन काढले. खोलीत चिडीचूप. पुन्हा घातले. श्वास चालूच होता... पट्टी तर केव्हाच थांबली होती.

त्यानं पुन्हा पाठवली. परत आली. खोकला. त्यानं स्वतः पुसलेला, एक एक करून वेचलेला तो खोकला. पुन्हा पाठवली. खोकला जवळ आला. अगदी कानाशी. मग थांबला...

"तू तरी..."

एवढंच.

टेपवाला हलला नाही. मान वळवून मागे बघायचं धाडस नव्हतं. "बाबा," तो पुटपुटला, "चुकलो. बोला. सगळं बोला."

त्यानं पट्टी आणखी एकदा पाठवली.

मग ते बोलले. खोलीचं. धाकटीचं. एकदा नाही... पुन्हा पुन्हा... पुन्हा. टेपवाल्यानं सेव्ह केलं, डोळे मिटले, आणि हेडफोन कानाला तसेच ठेवून ऐकत बसला. ऐकता ऐकता कधी डोळा लागला, कळलंही नाही.

सकाळी पट्टी पाहिली. आखूड. कापलेली. काल दुपारी होती तशी.

तरी तो थोरल्याच्या घरी गेला. बैठकीत आवाज ऐकवून झाला होता, नातेवाईक माना डोलवत होते. टेपवाला उभा राहिला आणि म्हणाला, "हे अर्धं आहे. पुढे बाबा म्हणालेत, खालची खोली धाकटीची. मी कापलं ते."

थोरला शांतपणे हसला. "उरलेलं ऐकव मग."

"नाही माझ्याकडे."

"मंडळी, बघा आता. बाबांच्या शेवटच्या शब्दांना मी कात्री लावीन का? आणि लावलीच असली तर कोणी लावली? हा स्वतःच कबूल करतोय." मग मान हलवत म्हणाला, "विश्वासानं दिलं होतं रे तुझ्याकडे."

धाकटीनं एकदाच टेपवाल्याकडे पाहिलं आणि ती खाली निघून गेली. थोड्या वेळानं खालून मशीनचं झाकण लावल्याचा आवाज आला.

टेपवाला घरी परतला तेव्हा पाय ओढत होता. वर त्याच्या दाराशी शेजारच्या मावशी वाकून एक पेला उचलत होत्या. नुकत्याच राहायला आलेल्या त्या. गावात अजून कुणाला ओळखत नव्हत्या, थोरल्याच्या घरच्यांना तर नाहीच. पेला रिकामा होता.

"गेले का हो तुमचे पाहुणे?" मावशींनी विचारलं. "रात्रभर खोकत होते बिचारे, म्हणून दाराशी पाणी ठेवलं होतं. प्यायलेले दिसतात. पण एक विचारू का? सारखं तेच म्हणत होते, खालची खोली धाकटीची, तिला तिथून कुणी उठवायचं नाही... ही धाकटी कोण हो?"