टाच बाहेर फिरवा

मी रस्त्यात आडवी पडलेली असताना कुणी मला शिकवायला आलं, की माझं डोकंच फिरतं. त्या सकाळी चौकात लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबला, सायकल थांबली — आणि पाय काही पेडलवरून निघेना. सायकल माझ्यासकट डावीकडे कलत गेली. इतकी सावकाश, की शेजारच्या बसमधल्या बायकांना खिडकीशी येऊन बघायला वेळ मिळाला. कोपर चांगलंच फुटलं. तेवढ्यात फुटपाथवरचा एक माणूस, हातातला चहा न सांडता, खाली वाकला.

“टाच बाहेर फिरवा,” तो म्हणाला.

“तुम्ही आधी बाजूला व्हा,” मी म्हणाले.

तो झाला नाही. चहा खाली ठेवून त्यानं माझा घोटा धरला, बूट हलकेच बाहेर वळवला आणि पाय खट्‌कन सुटला. नखांत ग्रीस होतं आणि डोळे... डोळे मी पाहिले नाहीत. म्हणजे पाहिले, पण रागानं.

कोपराला चार टाके पडले. सायकल मुळात दादाची. नवी घेतल्यावर जुनी त्यानं मला दिली होती, त्या पेडलांसकट. त्यात बुटाच्या तळाची पट्टी अडकून बसते आणि टाच बाहेर फिरवल्याशिवाय सुटत नाही. दादानं माझ्या पडण्याची गोष्ट त्याच्या सगळ्या सायकलवाल्या मित्रांना रंगवून सांगितली आणि वर मला बजावलं, “ठमे, पुन्हा पडलीस तर सायकल परत.” तीन आठवड्यांनी त्यांच्या गटाबरोबर होणाऱ्या शंभर किलोमीटरच्या फेरीला मी नाव दिलेलं होतं. दिवसभर लॅबमध्ये मान खाली घालून मी दुसऱ्यांचे दात बनवते. सायकलवरचा एक तास तेवढा माझा असतो, आणि तो मी कुणालाही परत देणार नव्हते.

म्हणून दादाची सायकल जिथे दुरुस्तीला जायची त्या दुकानात पाय सोडवायचं विचारायला गेले, तर समोर तोच चहावाला! तिथला मेकॅनिक निघाला. मी पाय आपटत परत फिरणार होते, पण तो म्हणाला की तीन आठवडे पुरेत, रोज सातला या, दुकान उघडायच्या आधी. मनातल्या मनात मी त्याचं नाव टाचमास्तर ठेवलं.

दुकानामागच्या बोळात एक हात भिंतीला टेकवून मी डावा पाय अडकवायचे, सोडवायचे. पन्नास वेळा डावा, पन्नास वेळा उजवा. मग बोळाच्या टोकापर्यंत जायचं आणि ब्रेक दाबायच्या आधीच पाय मोकळा करायचा. एकदा तो म्हणाला की मी रागात असले की पाय लवकर सुटतो. मग रोज चिडवत जा, असं मी म्हटलं, तर म्हणे वेगळं काही करावं लागत नाही. मला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला.

दुसऱ्या आठवड्यापासून पाय आपोआप सुटायला लागला. मी साडेसहालाच पोचायला लागले. शेवटच्या सकाळी तो माझ्या कोपराच्या वणाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “एक सांगायचंय...”

मी केस सारखे केले. हेल्मेटखालचे!

“तुम्ही पडलात ती चूक माझी होती. तुम्हाला द्यायच्या आधी दादांनी सायकल इथे आणली, तेव्हा पेडलमधली बूट धरून ठेवणारी स्प्रिंग मी त्यांना शर्यतीला लागते तशी आवळून दिली. कोण चालवणार, ते विचारलंच नाही. इथे पहिल्याच दिवशी तुम्ही पाणी प्यायला गेलात, तेव्हा ती ढिली केली.”

तीन आठवडे मी घरीदारी धांदरट ठरले होते. आणि हा रोज शांतपणे पन्नास मोजत होता.

“आमच्या लॅबमध्ये दात उंच बसला, तर आम्ही चावणाऱ्याला दोष देत नाही,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता.”

“ते मी ठरवलं असतं.”

त्याच्या हातातला पाना ओढून घेतला आणि पेडलमागचे स्क्रू पार शेवटपर्यंत आवळले. उद्या शंभर किलोमीटर आहेत, असं करू नका, असं तो विनवत राहिला. पण मला जमलं ते माझं की त्याच्या ढिल्या स्प्रिंगचं, हे मला कळायलाच हवं होतं. घरी जाऊन दोन तास भिंतीशी पाय सोडवत बसले. घोटा ठणकत होता.

रविवारी तोही आला होता, सगळ्यांच्या मागे. मी त्याच्याकडे अजिबात पाहिलं नाही. मोजे पिवळे होते.

परतताना शेवटी तोच चौक लागला आणि दिवा लाल झाला. दादा पुढे थांबला आणि मुद्दाम मागे वळून माझ्या पायांकडे बघू लागला. मी टाच फिरवली. पाय हलला नाही. सायकल कलायला लागली... त्या एका क्षणात टाचमास्तरावरचा तीन आठवड्यांचा सगळा राग टाचेत आणला आणि पुन्हा फिरवली. खट्! पाय जमिनीवर टेकला. दादानं पुन्हा समोर तोंड केलं.

आणि मागे धप्पकन आवाज झाला. माझ्या पायाकडे बघण्याच्या नादात मास्तर स्वतःचा पाय सोडवायला विसरले होते.

आडव्या अवस्थेतच तो दादाला म्हणाला, “त्या दिवशी स्प्रिंग मी आवळून ठेवली होती. यांची काहीच चूक नव्हती. आणि आज ती तेवढीच आवळलेली आहे.”

सगळा गट ऐकत होता. दादानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. “सायकल तुझीच गं,” तो पुटपुटला आणि दिवा हिरवा होताच पुढे निघून गेला.

मी सायकल कडेला लावून परत आले. त्याचे कान लाल झाले होते.

“अजून रागावलायत?”

“खूप.”

“किती दिवस?”

“रोज सातला येऊन सांगत जाईन.”

तो हसला, उठायला गेला, पण पाय अजून अडकलेलाच होता. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. मी खाली बसले आणि त्याचा घोटा धरला.

“टाच बाहेर फिरव,” मी म्हणाले.