विषय : गाडी वारंवार हलविल्याबाबत

"म्याडम… ओ म्याडम! चलान नका फाडू, दोनच मिनिटं झाले!"

झेरॉक्सच्या दुकानातून तो धावतच बाहेर आला. एका हातात कुणाचं तरी आधारकार्ड, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली. मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "मी चलानवाली नाई. फक्त नंबर लिहून राह्यली."

"मंग तं आणखीच वाईट," तो म्हणाला. "चलानवाले निदान कारण तरी सांगते."

मला हसू आलं. चंद्रपूरचं मार्चातलं ऊन म्हणजे तोंडाला स्कार्फ आलाच, त्यामुळे ते हसू आतल्या आत राहिलं. पण डोळ्यांनी चुगली केली असावी, कारण तोही हसला.

जटपुरा गेटपासून गांधी चौकापर्यंतचा रस्ता त्या महिन्यात माझा होता. शहरात गाड्या ठेवायला बहुमजली इमारत बांधायची तर कुठं, आणि केवढी, याची पाहणी चालू होती. पुण्याच्या एका कंपनीनं मला त्यासाठी महिनाभर घेतलं होतं. रस्त्याचे चार तुकडे केलेले. दर अर्ध्या तासाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. पुढच्या फेरीत तोच नंबर तिथंच दिसला तर गाडी उभी आहे, नाही दिसला तर गेली. काम नीट झालं तर पुण्यात मेट्रो स्टेशनांबाहेरच्या पार्किंगचं काम मिळणार होतं, तेही पक्कं. मला ते हवंच होतं. गावी, कोरपन्याला, आईला मी सांगूनसुद्धा टाकलं होतं.

पण खरं सांगू? दिवसाला हजार गाड्यांची ओळख व्हायची आणि माणूस एकही नाही. मला पाहिलं की दुकानदार तोंड फिरवायचे. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्यांशिवाय दुसरा आवाज नसायचा. एकदा तर कुलूप उघडून आत जाताना मी "आली बरं का" असं मोठ्यानं म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ चप्पल न काढता तशीच उभी राहिले.

तर, स्कूटर ४०७१. पाटी एमएच ३३, म्हणजे गडचिरोलीची. मालक राजदीप, गाव आरमोरी. काकाच्या दुकानात झेरॉक्स काढायचा आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा.

"लोक येते, रडते, मी वर 'महोदय' लावून देतो," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "दिवसभर दुसऱ्याच्या नावानं विनंती. स्वतःच्या नावानं एक बी नाई."

"करा ना मंग."

"कोणाले करू? तुम्ही तं फक्त गाडीचा नंबर घेता."

मी पुढच्या गाडीकडे वळले. मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं.

त्यानंतर गंमत सुरू झाली. सकाळी दुकानापुढं असलेली स्कूटर अकराच्या फेरीत मेडिकलपाशी दिसायची, दुपारी गेटजवळ, चारला थेट चौकात. आणि स्कूटरला टेकून हा उभा.

"आता इथी काऊन लावली?"

"सावली हाये ना."

"कुठी हाये सावली?"

"येईन… पाच वाजेपर्यंत."

कधी उसाचा रस घेऊन उभा असायचा, तो मी पुढच्या वळणावर जाऊन प्यायची; कधी नुसताच. दोन वाक्यं बोलायची आणि मी पुढं निघायची. पण त्या दोन वाक्यांसाठी मी पुढचा अर्धा तास भरभर चालायची. आणि नंबर? तो मी प्रत्येक वेळी इमानदारीनं लिहिला, चारही तुकड्यांत, स्वच्छ अक्षरात. एकाच गाडीच्या चार गाड्या होत होत्या, हे चुकतंय हे मला कळत होतं. कळूनही मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर तो थांबला असता.

तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून कंपनीच्या अतुल सरांचा फोन आला.

"दिव्यानी, हा ४०७१ एका दिवशी नऊ वेळा वेगवेगळ्या ठिकाणी? आणि असं दहा दिवस? घरी बसून आकडे भरले का तुम्ही?"

"नाही सर, मी रोज चालले."

"मग तो माणूस वेडा आहे का? परवापर्यंत लेखी खुलासा पाठवा. नाहीतर तुमचे सगळे आकडे रद्द, आणि पुण्याचं विसरा."

मी तरातरा दुकानात गेले. रागानं जीव गुदमरत होता म्हणून आधी स्कार्फ ओढून काढला. राजदीप संगणकापुढं होता. बाजूच्या स्टुलावर रामाजी नावाचे एक म्हातारबा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करायला बसले होते.

"तुमच्यामुळं माही नोकरी चालली!" मी सगळं सांगितलं. तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला. तीन आठवड्यांत त्यानं माझे फक्त डोळे पाहिले होते.

"अरे बोला ना काही!"

"मी… तुमाले भेटाले हलवत होतो गाडी."

"हे मले माहीत हाये. सरांना कोण सांगन?"

रामाजींनी घसा खाकरला. "माहा अर्ज मंग कर, बापू. पयले तिचं लिहून दे. खरं तेच लिही."

राजदीपनं की-बोर्डवर हात ठेवले, परत उचलले. "हे पाठवलं तं तू पुण्याले जाशीन," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

मग तो टाइप करायला लागला. एकदाही न थांबता.

"महोदय, उपरोक्त विषयान्वये खुलासा सादर करतो की, सदर गाडी माझ्या मालकीची असून ती मी स्वतः हलवीत होतो. सदर कर्मचारी यांनी नोंदविलेले सर्व आकडे खरे आहेत. गाडी हलविण्यामागे, दर अर्ध्या तासाने त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत, याव्यतिरिक्त कोणताही हेतू नव्हता. माझे त्यांच्यावर प्रेम आहे. ही बाब त्यांना अद्याप कळविलेली नाही. तरी त्यांना कामावरून कमी करू नये, ही नम्र विनंती."

खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. दोन प्रती काढल्या. एक माझ्या हातात दिली आणि दुसरी पुढं सरकवली. "पोच पाहिजे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी पेन घेतलं आणि लिहिलं : मिळाला. दिव्यानी. रामाजी तोंडातल्या तोंडात हसत होते.

खुलासा वाचून अतुल सर फोनवर खूप वेळ हसले. त्या एका स्कूटरचे आकडे त्यांनी काढून टाकले, बाकीचे ठेवले. आठ दिवसांत पुण्याचं पत्र आलं.

दुपारच्या गाडीला तो सोडायला आला. बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, खिडकीशी उभा राहिला. मी वाट पाहत होते.

"थांब म्हण ना एकदा," मीच शेवटी म्हणाले.

"म्हणलो तं तू थांबशीन. मंग जिंदगीभर मी तुले अडवणारा माणूस."

"मंग मी म्हणते. तू ये."

त्यानं मान खाली घातली. "पुण्यात अर्ज लिहिणाऱ्याले कोण विचारते, दिव्यानी? माह्यानं नाई होणार."

गाडी हलली. तो फलाट संपेपर्यंत चालत आला, आणि मग दिसेनासा झाला. मला मनासारखी नोकरी मिळाली होती आणि डब्यात मी तोंड खिडकीकडं करून रडत होते. भांदक गेलं, वरोरा गेलं. फोन वाजला नाही. हिंगणघाट मागं पडल्यावर मीच लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"घरी पोचला?"

"नाई. स्टेशनावरच आहो."

"दीड तास झाला गाडी सुटून!"

"तिकिटाच्या लाईनीत उभा आहो. पुढच्या महिन्याचं, पुण्याचं."

"अरे… मोबाईलवर निघते ना तिकीट."

"निघते. पण मोबाईलवर काढलो तं भेव लागून रद्द बी तिथंच करीन. मले ओळखतो मी. दोनदा लाईन सोडून बाहेर गेलो. आता माह्यासमोर तीन जण आहेत."

मी फोन कानाला घट्ट धरला. बाहेर वेचणी झालेली कापसाची वावरं मागं जात होती. तिकडून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता आणि कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं.

"आता दोन," तो म्हणाला.

"लाईन सोडू नको," मी म्हटलं. "मी आहो फोनवर."