खाचराचा कोपरा

अनुपमा मॅडमना फळ्यावरचं इमेज प्रोसेसिंग डोक्यात जायचं. महाडजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्यापासून त्यांचा एकच हेका: कॅमेरा उचला, बाहेर पडा, जे दिसेल त्यावर प्रोग्रॅम चालवून दाखवा. पोरं कुरकुरायची, पण शिकायची.

यंदाचं काम म्हटलं तर सोपं होतं. कॅमेरा एका जागी रोवून फोटो काढत राहायचे. मग प्रोग्रॅमनं ते एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक ठिपक्याला बहुतेक फोटोंत जो रंग असेल तोच राखायचा. हलणारी माणसं, गाड्या, गुरं आपोआप पुसली जातात, उरते रिकामी जागा. कुणी पोलादपूरचा एसटी स्टँड रिकामा करून आणला, कुणी हिरकणीवाडीची रोपवेची रांग. मॅडम खूश!

विनीत कापडे गावचा. त्यानं घरच्या खाचरातली भातलावणी टिपली होती. प्रोग्रॅम चालला, वाकलेल्या बायका एकेक करून नाहीशा झाल्या, पाण्यानं भरलेलं खाचर उरलं. आणि बांधालगतच्या कोपऱ्यात एक बाई. ताठ, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

"कंबर दुखली असेल, राहिली असेल उभी," मॅडम म्हणाल्या.

"नाय मॅडम. एका पण फोटोत तिथं कोणी उभं नाय." घाबरला की विनीतची कॉलेजातली भाषा सुटून गावची यायची.

मॅडमनी स्वतः फोटो चाळले. खरंच कुणी उभं नव्हतं. प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला, चूक सापडेना. त्यांना चक्क राग आला. "उद्या मीच येते तुझ्या गावाला. माझ्यासमोर काढ फोटो."

"मॅडम," विनीत हळूच म्हणाला, "ते लुगडं माझ्या आईचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसानं उघडीप दिली होती. विनीतची आई, मंजुळा, चहाची किटली घेऊन बांधावर हसत पुढे आली. चांगली धडधाकट बाई! मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शेजारच्या खाचरावर कॅमेरा लावला, लॅपटॉप उघडला. बायका लावणीला वाकल्या, मंजुळा सगळ्यांच्या मधोमध.

पडद्यावर फोटो येऊ लागले. बाकीच्या बायका दिसत होत्या. मंजुळा नव्हती. डोळ्यांसमोर ती चिखलात वाकलेली, आणि फोटोत तिच्या जागी नुसतं गढूळ पाणी.

 मॅडमनी घाईघाईनं प्रोग्रॅम चालवला. खाचर रिकामं झालं, आणि कोपऱ्यात तीच बाई उमटली. आता ती अर्धी वळलेली होती. मंजुळाच होती.

शेजारची म्हातारी येसूबाई मागे उभी राहून बघत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, शेवटचा कोपरा शेताच्या राखणदाराचा," ती म्हणाली. "तो एकटीनं लावायचा. ती 'झालं' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी पाठ फिरवायची. परवा मंजुळानं लावला. आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली व्हती. ह्या यंत्रानं फिरवली व्हती काय?"

विनीतनं कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याचंही तोंड फिरवायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता काय करायचं गो, आजी?"

"कोपरा उपटायचा, तिनंच परत लावायचा. राखणदारानं दिली परत तर दिली."

"मॅडम, मार्क गेले खड्ड्यात," विनीत म्हणाला. "मला माझी आई पायजे."

मॅडमनी वाद घातला नाही. आपल्या हातानं कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला, लॅपटॉप मिटला. परवाच्या कोपऱ्यातली रोपं उपटून मंजुळा नवी जुडी घेऊन तिथं उभी राहिली. सगळ्यांनी पाठ फिरवली.

मागून रोपं चिखलात खोचल्याचा आवाज येऊ लागला. चुबुक. चुबुक.

मग तो दुहेरी झाला. दोघी जणी लावत असाव्यात तसा.

विनीतनं मॅडमचा हात घट्ट धरला.

आवाज थांबला.

"झालं!" मंजुळाचाच आवाज.

विनीत धावला आणि चिखलासकट आईला बिलगला. येसूबाईनं हात जोडले. मॅडमनी टॉवेल काढून फोटो घेतला. मंजुळा त्यात होती, लख्ख. मॅडमना रडूच कोसळलं.

डोळे पुसून त्यांनी लॅपटॉपवर मघाचं चित्र उघडलं. कोपरा आता रिकामा असायला हवा होता.

बाई तिथंच होती. पुरती वळलेली. दोन्ही हात पुढे, तोंड उघडं. चित्रातली मंजुळा कुणाला तरी जिवाच्या आकांतानं हाक मारत होती.

"विनीत—" मॅडम म्हणू लागल्या.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. हातापायांना ओला चिखल.

"पुसा बाई तो फोटो आता," मंजुळा म्हणाली.

मॅडम हलल्या नाहीत. तेव्हा तिनं त्यांच्यावरून हात पुढे केला, नेमकी कळ दाबली, पडद्यावरच्या प्रश्नाला होकार दिला. चित्र गेलं.

विनीत हसू लागला. आनंदानं त्याचे डोळे भरले होते.

"बघा मॅडम! आईला साधा मोबाईल लावता येत नाय, नि लॅपटॉप आला!"