कमानीवरची काच

त्याचा हातोडा आधी ऐकू आला, तो नंतर दिसला.

आमच्या दरीत दोन जुने पूल शेजारी शेजारी उभे आहेत. एक लोखंडी सांगाड्याचा, रेल्वे बंद झाल्यापासून रिकामा. दुसरा काँक्रीटच्या कमानीचा, त्यावरून अजून बस जाते. कमानीची पाहणी माझ्याकडे. त्या सकाळी लोखंडी पुलावर कंत्राटदाराचा नवा माणूस दोराला लटकून सांगाडा जोडणारं एकेक रिव्हेट ठोकून बघत होता.

"अहो, जरा हळू!" मी ओरडले. "डोकं उठलं माझं!"

"घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतं, ढिलं असलं की बद्द. हळू ठोकून कळणार कसं?" तो हसला. "आणि तुम्ही तासभर भिंतीला नाक लावून काय बघताय?"

"तडा."

"बोलतो का तुमच्याशी?"

"तुमच्यापेक्षा कमी!"

मग रोजच बोलणं व्हायला लागलं... ह्या पुलावरून त्या पुलावर, वाऱ्यावर ओरडून. जेवणाच्या सुट्टीत तो कमानीवर यायचा. मी त्याला माझी काच दाखवली. तड्यावर आडवी काचपट्टी बसवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करायची, तारीख टाकायची. तडा केसभर जरी हलला, तरी काच तुटते. तुटली की बस बंद.

"इतकी नाजूक?" त्याने विचारलं, पण बघत होता माझ्याकडे.

मी घाईघाईने तडा बघायचं भिंग पुसलं. आई म्हणायचीच, तुझं लग्न त्या पुलाशीच लावून टाकू. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, पुलाला जरा थांबायला सांगावं.

गुरुवारी जेवून परत आले, तर काच फुटलेली.

तड्याच्या रेषेत सरळ तुटली असती, तर माझं धाबं दणाणलं असतं. पण एका टोकाला पांढरा ठिपका होता आणि तिथून रेघा चहूकडे पसरल्या होत्या. हा घाव होता. तडा मोजला, कालच्याइतकाच. आणि खाली कट्ट्यावर एक पिवळं रानफूल पडलं होतं, देठाला ग्रीसचा डाग.

पाच वाजता अहवाल धाडायचा होता. काच कुणी फोडली, ते मला साहेबांना सहज सांगता आलं असतं. पण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो मला आवडायला लागला होता, फार आवडायला लागला होता. आणि फोडून गप्प बसणारा माणूस मला नको होता.

लोखंडी पुलावरचा हातोडा दुपारभर वाजला नाही. तीन वाजले... चार वाजले. मी पत्र्याच्या खोलीत बसून एकच ओळ चारदा वाचली.

साडेचारला दारात सावली पडली.

"काच मी फोडली," तो म्हणाला. चेहरा उतरला होता. "वाकलो आणि कमरेचा हातोडा लागला. साहेबांना सांगा. काढलं कामावरून तर काढू देत, पण बस उगाच बंद नको."

"वाकलात कशाला?"

"ते... फूल ठेवायला. तुम्ही भिंग घेऊन तिथेच येता ना, म्हणून—"

मी अहवाल त्याच्यापुढे सरकवला. फोडणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. तिथे त्याचं नाव लिहिलं आणि पुढे, 'स्वतः येऊन सांगितलं.'

साहेबांनी फोनवर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. कामावरून मात्र काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही नवी काच बसवली. त्याने श्वास रोखून काच धरली, मी प्लास्टर लावलं. बोटं बोटांना लागली, दोघांनीही काढली नाहीत. खाली नदी संथ वाहत होती.

"आता किती दिवस बघायची?" त्याने विचारलं.

"तीन महिने. रोज."

"माझं काम तर पुढच्या आठवड्यात संपतंय... तरी आलो तर चालेल?"

"फोडली कुणी? यावंच लागेल."

तो हसला, मग गंभीर झाला. "तुम्ही मला आवडता. आणि... माझ्याबद्दल तुमचं मत? त्यालाही तीन महिने लागतील?"

वरून बस गेली. काच जराही हलली नाही.

"नाही," मी म्हणाले. "ती पाहणी काल साडेचारलाच संपली."