माणसं ताईंची, घरं आमची

ताईंच्या घराच्या मागच्या खोलीत आमचं काम चाले. तीन टेबलं, तिन्ही अशी मांडलेली की खिडकीचा उजेड डाव्या हाताला यावा, म्हणजे रेघ ओढणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकीबाहेर छोटंसं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी, आणि कोपऱ्यात लोखंडी जाळी ठोकून बंद केलेली विहीर. खोलीला शाईचा, खोडरबराच्या चुऱ्याचा आणि दर तासाला उकळणाऱ्या चहाचा वास. इतकी वर्षं झाली, पण कुठं शाईची बाटली उघडली की मी अजून त्या टेबलाशी जाऊन बसते.

ताई मांगा, म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथा, काढत. चित्रांच्या चौकटींतून पुढं सरकणारी प्रेमकथा, दर महिन्याला एक प्रकरण. आमच्या काळातली एक मुलगी अंगणातले कपडे काढायला जाते, उडालेला रुमाल धरायला विहिरीवर वाकते आणि हजारो वर्षांपूर्वीच्या एका नदीकाठच्या वस्तीत जाऊन पडते. तिथं तिला एक अबोल कुंभार भेटतो. पुढचं काय सांगायचं! पोरी त्या कुंभारापायी वेड्या झाल्या होत्या. त्याच्या तोंडी एका प्रकरणात फार तर दोन वाक्यं असत, आणि तेवढ्यावर तो सगळ्यांचा लाडका होता.

कामाचा नियम एकच. माणसं ताईंची, घरं आमची. ताई आधी माणसं काढून शाईनं पक्की करत. मागची जागा कोरी. तिथं फिक्या निळ्या पेन्सिलीनं एखादा शब्द: 'अंगण', 'नदी', 'आतली खोली'. ती निळी रेघ छापताना उमटत नाही. त्या शब्दाचं घर करायचं, भिंत करायची, झाड करायचं, हे माझं आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मिसचं काम. माणसाला मात्र आम्ही हात लावायचा नाही. नखालासुद्धा नाही.

"ताई माणसं जन्माला घालणार, आणि आपण त्यांना राहायला जागा देणार," चष्मिस म्हणायची. "म्हणजे आपण दोघी बिल्डरच की."

मला ताई 'फूटपट्टी' म्हणत. त्याचा मला राग नव्हता, उलट भूषण वाटे. भिंत किती उंच, उजेड कुठून, सावली किती लांब, हे जुळल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे. देवावर माझी श्रद्धा आहे, पण रेघेच्या बाबतीत मी देवालाही मोजूनच घेतलं असतं.

पहिल्यांदा खटकलं ते दारापाशी. कुंभाराचं घर मी ऐसपैस काढलं होतं, दार चांगलं उंच. नव्या पानावर ती मुलगी त्या दारातून आत चालली होती, पण मान खाली, खांदे आवळलेले, एक हात डोक्यावर. मी पान घेऊन ताईंकडे गेले.

"ताई, दार उंच आहे. ही वाकलीय कशाला?"

ताईंनी पान हातात धरलं, डोळे बारीक केले. "वाकलीय खरी," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाचं चित्र बघत होत्या. "मग दार बुटकं कर ना, फूटपट्टे. ती उगाच कशाला वाकेल?"

मी दार बुटकं केलं. आता ते तिच्या पाठीला अगदी बेताचं बसलं.

मग एकेक सुरू झालं. ती दाराशी पाय टाकी तो असा, की तिथं पायरी हवीच. मी पायरी काढली. ती बसल्या जागेवरून हात वर करी, बोटं कशावर तरी टेकलेली. मोजून पाहिलं तर तिथं फळी बसली. अंगणातून जाताना ती दर वेळी एका जागेला वळसा घालून जाई. कोऱ्या कागदावर, काही नसताना! मी त्या जागी भट्टी काढून दिली आणि पान ताईंपुढं ठेवलं.

"अगं बाई, भट्टी!" ताई खुर्चीत मागं रेलल्या. "तरीच हिचे डोळे चुरचुरतात. धूर कुठून येतोय, तेच मला कळत नव्हतं."

"तुम्हीच काढलेत ना ते डोळे?"

"काढले मीच," ताई म्हणाल्या, "पण चुरचुरतात तिचे."

चित्रकार माणसं असं बोलतात. मी मनावर घेतलं नाही. पण एका निवांत दुपारी मी सगळी जुनी पानं काढून बसले आणि ती मुलगी जिथं वाकली, टेकली, वळली, पाय उचलून चालली, त्या सगळ्या जागा एका कागदावर मांडत गेले. संध्याकाळपर्यंत त्या घराचा नकाशा तयार झाला. निरनिराळ्या महिन्यांत काढलेली, कुणाला आठवतही नसलेली पानं, आणि सगळी एकमेकांत बसत होती. कुठं भिंत भिंतीत घुसत नव्हती. जे घर कुणीच योजलं नव्हतं, ते माझ्यासमोर उभं होतं. खरं सांगते, मी तीस वर्षं रेघा ओढल्या, पण योजलेल्या घरातसुद्धा इतका मेळ मला कधी साधला नाही.

मी स्वतःची समजूत घातली. ताईंच्या मनात कुठंतरी पक्कं घर असणार. माणसाचं मन खोल असतं.

त्याच सुमारास ताईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाशी, मग शाईच्या टाकाशी. डॉक्टर म्हणाले, शिरांचं दुखणं आहे, वाढतच जाणार. तिकडून संपादकांचा फोन: आता गोष्ट आटपा, वाचकांना मुलगी घरी आलेली बघायचीय. ताईंनी फोन ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"त्यांनी नसतं सांगितलं तरी मी तेच करणार होते," त्या म्हणाल्या. "हात चालतोय तोवर धाकटीला घरी आणायचंय."

नायिकेला ताई 'धाकटी' म्हणत. मी आपली समजत होते, लाडाचं नाव असेल.

"माझी धाकटी बहीण," ताई विहिरीकडे बघतच बोलल्या. "ह्याच अंगणात गेली कपडे काढायला. मी इथं, ह्या खोलीत अभ्यास करत होते. म्हणाली, 'तू बस गं, मी आणते.' विहीर उपसली, गाळसुद्धा काढला. काही मिळालं नाही. आई शेवटपर्यंत रोज तिचं ताट वाढत होती. मला ते बघवत नसे, म्हणून मी हिला काढायला लागले. कुठंतरी जेवत असेल, कुणीतरी जीव लावत असेल, असं रोज थोडं थोडं काढायचं. पण आता पुरे. आता तिनं घरी यावं."

चष्मिसनं चष्मा काढून पुसला. त्या दिवशी चहा कुणीच केला नाही.

शेवटच्या प्रकरणाचं काम सुरू झालं, तेव्हा चष्मिस तापानं घरी होती. खोलीत ताई आणि मी. ताई डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून रेघ ओढत. धाकटी तिकडच्या विहिरीपाशी, धाकटी कुंभाराचा निरोप घेताना. पान पुरं व्हायचं आणि दिसायचं, की तिची पाठ विहिरीकडे आहे. ताई ते फाडत, नवा कागद घेत.

"तोंड इकडे करून काढते गं मी," त्या म्हणाल्या. "शाई वाळेपर्यंत फिरते."

मी नवा कागद पुढं केला.

शेवटी एक पान जमलं. धाकटी वर आलेली. विहिरीच्या काठाशी, आमच्या काळात, ह्याच अंगणात उभी. ओले केस, एक हात डोळ्यांवर आडवा, दुसरा खाली सैल सोडलेला. मागे निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द: 'घर'.

ताई थकून आत जाऊन पडल्या. मी फळी मांडीवर घेऊन अंगणात बसले आणि समोर दिसेल ते काढत गेले. दोरी, भिंत, खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा घर खरं होतं, बघून काढता येत होतं. त्यामुळेच असेल, तो खालचा हात मला उशिरा दिसला.

हात सैल नव्हता.

बोटं अर्धी मिटलेली होती. मनगट किंचित मागं ओढलेलं. खांदा त्या बाजूला उतरलेला. ती वाकली की दार असतं, ती वळली की भट्टी असते, हे मी इतकी वर्षं शिकले होते. मी फूटपट्टी लावली. हाताची उंची घेतली, बोटांतली पोकळी घेतली. पिशवी तिथं बसेना, कारण पिशवी खाली ओढते आणि हे ओझं मागं ओढत होतं. यायला तयार नसल्यासारखं.

तिथं फक्त एकच गोष्ट बसत होती.

मी पेन्सिल उचलली. नियम मला माहीत होता. तरी तिच्या मुठीत मी एक इवलासा हात काढला. मग दंड, खांदा, तिच्यामागे अर्धवट लपलेलं अंग, उघडे पाय. चेहरा कोरा ठेवला. चेहऱ्याचं धाडस मला झालं नाही.

ताई उठून आल्या तेव्हा मी पान त्यांच्यापुढं ठेवलं आणि मान खाली घातली.

"माणूस काढलास?"

"काढला नाही, ताई. जागा होती, तिथं बसला."

त्यांनी पान जवळ ओढलं. मग त्यांनी टाक बुडवला. हात थरथरत होता, पण कागदाला टेकला आणि थांबला. त्यांनी चेहरा काढला. चार-पाच वर्षांचा मुलगा. कुंभाराचे डोळे, धाकटीची हनुवटी. घाबरलेला, अनोळखी जागी आणल्यासारखा.

"ह्याचं घर तिकडे आहे," ताई म्हणाल्या.

"हो."

"भट्टी आहे. बाप आहे."

"हो, ताई."

त्या रडल्या नाहीत. पदरानं नुसतं टाकाचं टोक पुसलं. पांढऱ्या पातळावर शाईचा ठिपका पडला, तोही त्यांना दिसला नाही.

"मी हिला ठेवून घेतलं तर ह्या पोराला तिकडे कोण राखणार? आईचं झालं, माझं झालं. आता त्या कुंभारानं रोज ताट वाढून बसावं का?" त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "भेटून जाऊ दे. एक पान वाढव. ती घरात येईल, मला बघेल आणि जाईल. बस."

"आणि तुम्ही?"

"मी काय," ताई हसल्या, "मी माहेर. माहेरानं कधी लेक अडवून ठेवलीय?"

ते वाढीव पान त्यांनी माझ्यासमोरच काढलं. ही खोली, हे टेबल, टेबलाशी पाठमोरी बसलेली एक म्हातारी होत आलेली बाई. दारात धाकटी आणि मुलगा. मागचं सगळं मी पुरं केलं. शाई वाळेपर्यंत दोघी बघत बसलो. कुणी फिरलं नाही. दिवे लागायच्या आत मी घरी गेले.

सकाळी आले तेव्हा ताई टेबलाशीच होत्या, चित्रातल्यासारख्या पाठमोऱ्या. दिवस उजळला होता, चिमण्या दोरीवर भांडत होत्या. विहिरीची जाळी होती तशी होती, कुलपाला गंज तसाच. मी चहा टाकला आणि कंगवा घेतला. हात गेल्यापासून ताईंना स्वतःची वेणी घालता येत नसे. सकाळी आल्यावर ते पहिलं काम माझं.

त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले आणि कंगवा तसाच हातात राहिला.

वेणी घातलेली होती.

"कोणी घातली?" मी विचारलं.

"घट्ट झालीय ना?" ताई मानेला हात लावत कुरकुरल्या. घरच्या माणसाबद्दल कुरकुरतात तशा. "लहानपणापासून तिचा हात असाच. सांगून ऐकेल तर ती कसली!"

मी वेणी हातात घेतली. केस ओले होते. टोकाला रिबन नव्हती. झाडाच्या सालीचा पिळलेला दोर होता, मातीनं माखलेला. वरची गाठ सफाईदार होती. तिच्याखाली आणखी एक होती: कशीही गुंडाळलेली, चार वेळा ओढलेली, गाठ मारायला नुकत्याच शिकलेल्या बोटांची. मी ती सैल करून बघायला गेले.

"ती नको सोडूस," ताई हळूच म्हणाल्या. त्यांची मान वळली नव्हती. त्या माझ्या कमरेच्या उंचीवर, टेबलाच्या पलीकडे कुठंतरी बघत हसत होत्या. "हिरमुसेल तो. अजून इथंच उभा आहे."