झोळी बांधण्यास मनाई

कर्र… कट्! कर्र… कट्!

दुपारच्या सामसुमीत छताच्या कडीला टांगलेली झोळी पुन्हा हलू लागली. रोहिणीने पायाच्या अंगठ्यात अडकवलेली दोरी हळूच ओढली. पाच महिन्यांचा भाऊ एकदा कुरकुरला आणि झोपला.

"जाऊ का गं आता?" तिने कुजबुजत विचारलं.

आईने पीठ मळता मळता मान हलवली. "जा. पण त्या झोपाळ्यावर उलट्यापालट्या उड्या मारू नका. आणि पाण्याची बाटली घे!"

बाहेर ओट्यासमोर तिचा चुलतभाऊ संगमेश्वर कधीचा ताटकळत उभा होता. हातात मुठीएवढी हिरवी पिशवी. शेजारी त्याची धाकटी बहीण शिवकन्या.

"किती उशीर! सुट्टी संपंल की!" तो म्हणाला. "मामांनी हा घडीचा झोपाळा पुण्याहून पाठवलाय. दोन झाडांना बांधायचा, की झाला पलंग! आज आपला मुक्काम बागेत!"

"मुक्काम म्हणे! काल मांजराला बघून कोण ओरडलं होतं?" शिवकन्या म्हणाली.

"ते मांजर लई मोठं होतं!"

हसतच तिघं आष्टीच्या रस्त्यावरच्या बागेपाशी आली आणि फाटकातच थबकली. तिथे नवी कोरी पाटी होती.

'झाडांना झोळी, झोपाळा, दोरी बांधण्यास सक्त मनाई. बागेत मुक्काम करू नये.'

आत कडुनिंबाखाली ऊसतोडीला निघालेली पाच-सहा कुटुंबं बसली होती. भांडी, गोधड्या, कोयते, सगळा संसार बोचक्यांत बांधलेला. राखणदार बंकटकाका एका झोळीची गाठ सोडत होते. झोळीतलं बाळ आईच्या खांद्यावर रडत होतं.

"साहेब, उद्या दुपारी मुकादमाचा ट्रक येनार हाय," ती आई हात जोडून म्हणत होती. तिचं नाव सुनिता. "पोरगं कालधरनं तापलंय. भुईवर मुंग्या हायत. एक दिस सावलीत ऱ्हाऊ द्या."

समोर बागेच्या समितीचे अध्यक्ष मोहनराव काठी टेकून उभे होते. त्यांनी काठी वर उचलली. "ते खोड बघा! कसा करकोचा पडलाय. शेंडा वाळत चाललाय. दरसाल तुम्ही झोळ्या बांधता आणि झाडं मरतात. पाचच्या आत बाग मोकळी पाहिजे!"

बागेबाहेर सावलीचं नाव नव्हतं. नुसता मुरूम आणि वाळूच्या गाड्यांची धूळ.

तेवढ्यात मोहनरावांचं लक्ष पोरांकडे गेलं. "अरे, मन्मथप्पांची नातवंडं ना तुम्ही? झोपाळा आणलाय वाटतं! बांधा, बांधा!"

"पण काका, पाटी…" रोहिणी म्हणाली.

"पाटी तुमच्यासाठी न्हाई गं. तुम्ही गावातली लेकरं!"

मोहनराव निघून गेले. संगमेश्वर खूश होऊन हसणार होता, पण रोहिणीचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. तिला घरातली छताची कडी आठवत होती.

"आता बांधायचा का न्हाई?" त्याने हळूच विचारलं.

"बांध," रोहिणी म्हणाली. "दोरीनं झाडाला काय होतं ते बघूच."

त्यांनी कोपऱ्यातल्या दोन झाडांना झोपाळा बांधला. संगमेश्वर दहा मिनिटं गप्प पडून राहिला. झोपाळ्यावरचा तो जगातला सर्वांत उदास मुलगा असेल! मग त्यांनी नायलॉनची बारीक दोरी सोडली आणि शिवकन्या किंचाळली, "दादा! साल सोलली!"

खोडावर पांढरा ओरखडा उठला होता.

तिघं धावत सुनिताच्या झाडाकडे गेली. झोळीच्या जागी ओरखडा सोडा, साधी खूणही नव्हती!

"असं कसं?" रोहिणीने विचारलं.

सुनिताने शेजारी ठेवलेला पोत्याचा तुकडा दाखवला, चार पदरी दुमडलेला. "गाठीखाली हे घालावं लागतं, बाई. माझ्या सासूनं शिकवलं. झाड आपलं लेकरू झोपवतंय, मग त्याला कशापायी दुखवायचं?"

संगमेश्वरने झोपाळ्याची पिशवी पाठीमागे लपवली.

"मग तो करकोचा कशाचा?" शिवकन्या मान वर करून म्हणाली. "आणि इतका उंच कसा?"

रोहिणी चमकली! "मावशी, जरा हात वर करा बरं. अजून वर!"

सुनिता टाचा उंचावून उभी राहिली. करकोचा तिच्या बोटांच्याही हातभर वर होता!

"बंकटकाका, शिडी!"

"उगं भानगड नगं बे," काका पुटपुटले. पण रडणाऱ्या बाळाकडे बघून त्यांनीच शिडी आणली.

संगमेश्वर सरसर वर चढला. फुगलेल्या सालीतून डिंक गळत होता. त्याने तो काडीने खरवडला. "लोखंड हाय आत! तार! आणि हे काय लोंबतंय… बल्ब लावायचं होल्डर!"

बंकटकाकांनी कपाळावर हात मारला. "बागेच्या उद्घाटनाची रोषणाई! तीन वरसं झाली. दिवे उतरवून नेले, तार मातुर कुणी सोडलीच न्हाई. झाड जाड झालं, तार आत रुतली."

रस्त्याकडच्या आणखी चार झाडांना तेवढ्याच उंचीवर तोच करकोचा निघाला. त्या झाडांखाली कधी कुणी झोळी बांधलीच नव्हती!

साडेचारला मोहनराव बाग रिकामी झाली का ते बघायला आले. रोहिणीने ते गंजलेलं होल्डर त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग सुनिताचं पोतं दाखवलं आणि शेवटी स्वतःच्या दोरीने पडलेला ओरखडाही दाखवला.

"हा आमचा हाय, काका. आम्ही गावातली लेकरं."

मोहनरावांनी ते होल्डर उलटसुलट करून बघितलं. "रोषणाई मीच सांगितली होती," ते म्हणाले. "नंतर वळून बघितलं न्हाई." मग ते सुनिताकडे वळले. "ताई, बांधा झोळी. चूक माझी हाय."

सुनिताने पोतं दुमडलं, गाठ मारली आणि बाळाला आत ठेवलं. बंकटकाका पक्कड घेऊन शिडीवर चढले. जेवढी निघाली तेवढी तार निघाली. उरलेली झाडाच्या पोटातच राहिली.

संध्याकाळी रोहिणीच्या आईने बाळासाठी तापाचं औषध आणि भाताचा डबा आणला. आजोबा मन्मथप्पांनी लेकरांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास! स्वतःचा ओरखडा दाखवायला मोठं काळीज लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीने पाटी पुसली आणि शिवकन्याच्या वळणदार अक्षरात नवी लिहिली गेली: 'झाडांना तार, खिळे, बारीक दोरी लावू नये. गाठीखाली पोतं घालून कापडी झोळी बांधता येईल. वाटसरूंनी सावलीला बसावं. नियम सर्वांना सारखा.'

दुपारी ट्रक आला. बाळाचा ताप उतरला होता. बोचकी चढली, कोयते चढले. सुनिताची सहा वर्षांची थोरली लेक विजयमाला मात्र पाटीपुढे उभी होती. तिने रंगाला बोट लावून पाहिलं. रंग अजून ओला होता.

"आमी लई दिसांनी येनार," ती रोहिणीला म्हणाली. "उन्हाळ्यात."

"हो. मी इथेच असेन."

ट्रकचा भोंगा वाजला. सुनिताने हाक मारली. विजयमाला धावत गेली, अर्ध्या वाटेवरून परत आली आणि रोहिणीचा हात धरून तिने विचारलं,

"ताई, आमी माघारी येईस्तोवर ही पाटी अशीच ऱ्हाईल का गं?"